खिशापुरते दूर

निलंग्याला मुद्दाम कोणी जात नाही. प्रवासवर्णने लिहिणारी मंडळी मराठवाड्यात येतात ती वेरूळ-अजिंठ्याला येतात, फार तर नांदेडच्या गुरुद्वाऱ्यापर्यंत जातात आणि तिथून परत फिरतात. लातूरहून दक्षिणेकडे, औसा मागे टाकून, काळ्या रानातून जाणारा रस्ता त्यांच्या नकाशात नसतो. माझ्या नकाशात तो आहे याचे कारण अगदी घरगुती आहे. निलंगा ही माझी सासुरवाडी. सासुरवाडीला जायला प्रेक्षणीय स्थळ लागत नाही. पण गेली वीस वर्षे जाता-येता मला असे वाटू लागले आहे, की हे गाव पाहायला एक निराळी नजर लागते. इथले पाहण्याजोगे सारे एकतर फार दूर तरी असते, नाहीतर फार जवळ असून दिसत नाही.

यंदाच्या दसऱ्याला ही नजर अक्षरशः विकत घेण्याचा प्रसंग आला. म्हणजे त्याचे असे झाले. माझा भाचा, बायकोच्या भावाचा मुलगा, बी. ए. होऊन दोन वर्षे एका लग्नाच्या फोटोवाल्याच्या हाताखाली राबला. त्या कमाईतून त्याने जुना का होईना, कॅननचा १५००डी कॅमेरा घेतला. त्याच्याबरोबर येते ती लहान लेन्स, अठरा ते पंचावन्न मिलिमीटरची, त्याच्याजवळ होतीच. आता त्याला दूरचे जवळ आणणारी लेन्स हवी होती. लग्नाच्या मांडवात मागे उभे राहून हार घालतानाचा चेहरा टिपायला हवी होती, आणि त्याहून अधिक म्हणजे, हे तो वडिलांना सांगत नव्हता, पाखरांचे फोटो काढायला हवी होती.

माझा मेहुणा शेतकरी. सोयाबीनची पहिली पट्टी आडतीवरून हातात पडली तसे त्याने त्यातले वीस हजार रुपये मोजून वेगळे काढले आणि माझ्यासमोर ठेवले.

"दाजी, तुम्ही शिकलेले माणूस. पोरगं कायबी सांगूलालंय. कधी म्हणतंय चाळीस हजार लागतेत, कधी म्हणतंय साठ. हप्त्यानं घेतो म्हणतंय. हप्त्याचं नावच काढू नका. ह्या वीस हजारांत काय बसतंय ते तुम्हीच बघा."

मी मराठीचा अधिव्याख्याता. मला उपमा-उत्प्रेक्षा कळतात, लेन्स कळत नाही, असे मी म्हणून पाहिले. पण सासुरवाडीत जावयाला सर्व विषय येतात, अशी समजूत असते आणि ती मोडणे बरे नाही. शिवाय हे वीस हजार कसले आहेत ते मला ठाऊक होते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. असल्या मुलखातल्या कोरडवाहू पिकाचे ते पैसे होते.

मेहुणा तसा हात आखडता घेणारा. त्याने आपणहून पैसे काढावेत याचे मला नवल वाटले. रात्री ओसरीवर बसलो असताना त्याने कारण सांगितले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून माणसे नुकती झोपली होती. किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. यांच्या वाड्यातली माणसे वाचली, पण मधली भिंत पडली, आणि त्या भिंतीवर माझ्या सासऱ्यांचा एकुलता एक फोटो होता. सासरे त्याच्या आदल्याच वर्षी गेलेले. मातीतून चौकट सापडली, फोटो सापडला नाही. "आता अण्णांचं तोंड नुसतं आठवायचं," मेहुणा म्हणाला. "लहान्यांना तेबी नाही." फोटो ही चैन नव्हे, हे त्याला कोणी पटवून द्यायची गरज नव्हती.

तेव्हा दुसऱ्या दिवशीपासून मामा-भाचे कामाला लागलो. आमच्याकडे आत्याचा नवरा मामाच असतो.

आता वाचकांना थोडे शास्त्र सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. पण भिऊ नये, मलाही तेवढेच कळले आहे. लांबची वस्तू मोठी दिसायची तर लेन्सचे नाभीय अंतर मोठे लागते. शाळेच्या पुस्तकातले हेच ते नाभीय अंतर. अडीचशे मिलिमीटर नाभीय अंतराची साधी लेन्स खरे म्हणजे वीतभराहून लांब व्हायची. पण पुढे बहिर्वक्र आणि मागे अंतर्वक्र भिंगांचे गट बसवले की नळी आखूड राहते आणि काम लांब लेन्सचे होते. ही युक्ती १८९१ साली इंग्लंडात डालमायर याने आणि जर्मनीत मीथे व श्टाइनहाइल यांनी आपापल्या ठिकाणी स्वतंत्रपणे साधली. हिला टेलिफोटो म्हणतात. आणि कडे फिरवले की नाभीय अंतर कमी-जास्त होते ती झूम. साध्या कॅमेऱ्यासाठी अशी पहिली लेन्स १९५९ साली फोइग्टलेंडर कंपनीने 'झूमार' या नावाने बाजारात आणली. टेलिफोटो आणि झूम या दोन गोष्टी वेगळ्या. पण आज गरिबाला परवडणाऱ्या लांब लेन्सा बहुधा दोन्ही असतात.

मग एक लेन्स दहा हजारांना आणि दुसरी लाखाच्या वर, असे का? त्याचे उत्तर काचेच्या व्यासात आहे. लेन्सवर 'एफ' पुढे आकडा असतो. नाभीय अंतराला त्या आकड्याने भागले की प्रकाश आत येण्याच्या वाटेची रुंदी निघते. तीनशेची लेन्स एफ २.८ असेल तर ती वाट एकशे सात मिलिमीटर रुंद हवी. तीच एफ ५.६ असेल तर चोपन्न मिलिमीटर पुरते. पहिलीत चौपट उजेड येतो. पण तेवढी मोठी, निर्दोष काच घासायची म्हणजे पैसा आणि वजन दोन्ही आले. भाच्याच्या मालकाने एक दिवसासाठी आपली सत्तर ते दोनशेची एफ २.८ लेन्स वापरायला दिली होती. तिचे वजन दीड किलो. शेजारी ठेवलेली पंचावन्न ते अडीचशेची लेन्स पावणेचारशे ग्रॅम. ही दुसरीही त्या मालकाचीच. त्याने नवी सामग्री घेतल्यामुळे ती त्याला विकायची होती. अकरा हजार म्हणत होता.

"मामा, अडीचशेनं काय होतंय? पाखरासाठी सहाशे पाहिजे," भाचा म्हणाला.

"आधी पाखरू दाखव," मी म्हणालो.

सकाळी साडेसहाला आम्ही मांजरेच्या बाजूच्या रस्त्याला लागलो. तेरणा नदी मांजरेला मिळते ती याच तालुक्याच्या अंगाला, औराद शहाजानीच्या परिसरात. तिथून मांजरा बिदरकडे आणि पुढे तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. नदीपलीकडे कर्नाटक. १९५६ पर्यंत निलंगा तालुकाच बिदर जिल्ह्यात होता, मग उस्मानाबादेत आला आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर लातुरात. माणसांनी इतक्या वेळा रेघा बदलल्या, पण रस्त्याकडेच्या विजेच्या तारेवर बसलेल्या पाखराला त्याचे काही नव्हते.

ते पाखरू म्हणजे आपला चास, नीलपंख. उत्तरेकडे त्याला नीलकंठ म्हणतात आणि दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात. गंमत अशी, की याचा कंठ निळा नसतोच; तो तपकिरी-गुलाबी असतो. निळाई असते ती पंखांत, आणि बसलेला असताना ती बरीचशी झाकलेली असते. उडाला की निळ्या रंगाचे दोन पट्टे असे काही उघडतात, की रस्त्यावरचा माणूस जागीच थांबतो. कर्नाटकाने आणि तेलंगणाने याला आपला राज्यपक्षी केले आहे. आपल्याकडे तो मान हरियालाला. निलंग्याच्या ग्रामदैवतासारखे असलेले देऊळ नीलकंठेश्वराचे आणि तारेवर हा दुसरा नीलकंठ. भाच्याला दोघांचेही फोटो हवे होते.

आम्ही थांबलो तिथून पाखरू तीस मीटरवर असेल. भाच्याने अडीचशेने फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर मला दाखवला. मोठ्या आभाळात एक ठिपका.

"बघितलंत? म्हणून म्हणतो सहाशे."

मी खिशातून कागद काढला. मराठीचा मास्तर गणित करू लागला की विद्यार्थी हसतात, भाचाही हसला. पण गणित सोपे होते. पाखराची लांबी सुमारे तीस सेंटिमीटर. तीस मीटरवरून अडीचशेच्या लेन्सने त्याची प्रतिमा पडते अडीच मिलिमीटर. तीनशेची लेन्स घेतली तर तीन मिलिमीटर. सहाशेची घेतली तर सहा. चित्र उमटते ती पट्टी बावीस मिलिमीटर रुंद. म्हणजे अडीचशेच्या जागी तीनशे घेऊन वाढणार अर्धा मिलिमीटर. पण अडीचशेच घेऊन पंधरा मीटरपर्यंत गेलो तर प्रतिमा एकदम पाच मिलिमीटर होते. सहाशेच्या जवळजवळ.

"म्हंजे मामा, चालत जायचं?"

"चालत गेलास तर ते उडेल. तिथे बसून राहायचं."

आणि तसेच झाले. आम्ही उभ्याने सरळ त्याच्याकडे गेलो तेव्हा तो उडाला. आम्ही तारेखालच्या बांधाला टेकून बसलो. शेजारच्या शेतात सोयाबीन काढून झाले होते, उघड्या रानात किडे-नाकतोडे भरपूर होते. नीलपंखाची सवय अशी, की तो उंच जागी बसतो, खाली भक्ष्य दिसले की झेप घेतो आणि पुष्कळदा त्याच जागी परत येतो. अर्ध्या तासाने तो परत आला. पाऊण तासाने आम्ही त्याच्या खिजगणतीतही राहिलो नाही. भाच्याने शटर हजारांश सेकंदाहून वेगवान ठेवले. तेवढे नसेल तर उडत्या पंखाची नुसती निळी पुसट रेघ उमटते. ऊन आता चांगले चढले होते, त्यामुळे एफ ५.६ चा उजेड पुरला. तीसेक झेपांतली एक साधली. दोन्ही पंख उघडे, खाली काळी ढेकळे. दीड किलोवाली लेन्स त्या वेळी मोटारसायकलच्या डिकीत होती.

दुपारनंतर देवळात गेलो. नीलकंठेश्वराचे हे देऊळ उत्तर चालुक्य काळातले, सुमारे आठशे वर्षांचे. एका सभामंडपाला तीन गाभारे आहेत आणि बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींच्या मूर्ती आहेत. सासुरवाडीचे देऊळ म्हणून मी कित्येकदा इथे हात जोडले असतील, पण मूर्तींचा फोटो काढताना जे लक्षात आले ते तोवर आले नव्हते. भाचा लहान लेन्स घेऊन मूर्तीच्या पायाशी उभा राहिला आणि कॅमेरा वर करून फोटो घेतला. सुंदरीचे पाय मोठाले, कंबर बेताची आणि डोके लिंबाएवढे. शिल्पकाराने प्रमाण साधायला जो जीव ओतला तो एका क्षणात फुकट. मग तो मागे मागे गेला, जागा मिळेल तेवढा गेला, आणि लांब लेन्सने तीच मूर्ती टिपली. आता ती सरळ उभी होती. तिचा कल, तिचा वळलेला हात, सारे जिथल्या तिथे.

यात जादू लेन्सची नाही, उभे राहण्याच्या जागेची आहे. प्रमाण बिघडते ते जवळून वर पाहिल्यामुळे. लांब लेन्स एवढेच करते, की मागे गेल्याबद्दल दंड करत नाही. सकाळी पाखराजवळ जायचे होते, दुपारी दगडापासून लांब जायचे होते. दोन्ही वेळा आधी पाय हलले, भिंग नंतर.

आणि दगड हलत नाही हा आणखी एक फायदा. नियम असा सांगतात, की हातात कॅमेरा धरून अडीचशेच्या लेन्सने या छोट्या पट्टीच्या कॅमेऱ्यावर फोटो काढायचा तर शटर चारशांश सेकंदाहून मंद नसावे. नाहीतर हाताची थरथर चित्रात उतरते. पण लेन्समध्ये थरथर मारणारी यंत्रणा असली तर पन्नासांश सेकंदाला, सराव असला तर त्याहून मंदही, निभावते. तिन्हीसांजेच्या उजेडात हा फरक फार मोठा. भाच्याच्या मनात एक सत्तर ते तीनशेची स्वस्त लेन्स होती. आकड्याने मोठी, पण तिच्यात ही यंत्रणा नव्हती. वरचे पन्नास मिलिमीटर घ्यावेत की हात स्थिर करून घ्यावा, याचा निकाल सुरसुंदरीने दिला. अर्थात ही यंत्रणा आपला हात थांबवते, पाखराचे पंख थांबवत नाही, हेही सांगितले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी खरोशाला गेलो. औसा तालुक्यातली ही लेणी जांभ्या दगडात कोरलेली, साधारण सहाव्या-सातव्या शतकातली. जेम्स बर्जेस १८७५-७६ च्या हंगामात या मुलखात फिरला आणि १८७८ साली छापलेल्या त्याच्या अहवालात या लेण्यांची नोंद आहे. जांभा हा दगड बेसाल्टसारखा कणखर नाही. त्याला छिद्रे असतात, तो झिजतो. नाके, बोटे, वस्त्रांच्या चुण्या यांच्या जागी पुष्कळ ठिकाणी आता फक्त उंचवटे आहेत. यांचे फोटो आज काढून ठेवले नाहीत तर पुढच्या पिढीला उंचवटेही मिळायचे नाहीत, असे भाचा म्हणाला तेव्हा मला त्याच्या वडिलांची ती रिकामी चौकट आठवली.

पण लेण्यात शिरल्यावर अडीचशे मिलिमीटर निरुपयोगी. आत अंधार आणि मागे सरकायला भिंत. तिथे कामाला आली ती लहान लेन्स आणि दगडांच्या ढिगावर टेकवून ठेवलेला कॅमेरा, शटर चार सेकंद उघडे. "मामा, तिवई पाहिजे," भाचा म्हणाला. सहाशेच्या गोष्टी करणारा मुलगा आता तिवई मागत होता. मी मनात म्हटले, हिशेब लागला.

तरी जुनी लेन्स घेताना पाहावे लागते ते सारे पाहिले. मागून टॉर्च मारून आत डोकावलो. बुरशी असली तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. धूळ थोडी होती, तिला घाबरायचे कारण नाही. कडे फिरवून पाहिले, कुठे अडकत नव्हते. कॅमेऱ्याला बसते त्या कड्याचे स्क्रू कोणी उघडल्याच्या खुणा नव्हत्या. भिंतीवर वर्तमानपत्राची पाने चिकटवून, कॅमेरा टेबलावर ठेवून, चारही कोपऱ्यांतली अक्षरे सारखी वाचता येतात का हे पाहिले. एक कोपरा पुसट आला तर आतले भिंग तिरके बसलेले समजावे. अडीचशेला उघड्या एफ ५.६ वर अक्षरे किंचित मऊ होती, एफ ८ ला लख्ख आली. पांढऱ्या आभाळासमोर काळी तार धरली तर तिच्या कडेला जांभळी झाक दिसत होती. अकरा हजारांच्या लेन्सने एवढे दोष दाखवले तर ती प्रामाणिक म्हणायची.

लेन्स अकरा हजार. बरी, जड तिवई साडेतीन हजार. घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, कारण पावसाळ्यात बुरशी धरते ती इथेच, मिळून पाचशे. राहिलेले पाच हजार मी मेहुण्याच्या हातावर ठेवले. त्याने ते दोनदा मोजले.

"दाजी, उरले बी?"

"हप्ताही नाही," मी म्हणालो.

भाच्याचा चेहरा जरा उतरला होता, ते मी पाहिले. सहाशेचे स्वप्न कोणाचे एका दिवसात जात नाही, आणि जाऊही नये. लग्नसराई चांगली झाली तर तो पुढे घेईलही. तेव्हा कुठे उभे राहायचे हे त्याला ठाऊक असेल, एवढे बघायचे.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई अंगणात पलीकडच्या कडेला सुपात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांचा एकही धड फोटो घरात नाही. कॅमेरा समोर आला की त्या पदर ओढून, ओठ मिटून, पुतळ्यासारख्या बसतात. भाचा ओसरीच्या खांबाला टेकला. मधे सगळे अंगण. त्यांना काही कळले नाही. सुपातून एक खडा काढून त्या बाजूला टाकत होत्या आणि शेजारणीच्या कसल्याशा बोलण्यावर हसत होत्या. तो हसताना सुटलेला दात, कपाळावरचे गोंदण, बोटांत धरलेला खडा, सगळे आले.

संध्याकाळी त्याने तो त्यांना दाखवला. त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"मी अशी हासते व्हय रं?" त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "तुझा आजाबी असाच हासायचा."

मेहुणा काही बोलला नाही. उरलेल्या पाच हजारांतून पन्नासाच्या दोन नोटा काढून त्याने मुलाला दिल्या आणि सांगितले, की उद्या निलंग्याला जाशील तेव्हा हा मोठा करून आण, काचेची चौकट बसवून.